आडकूजी मुकद्दमाच्या पायऱ्या

लग्न होऊन मी त्या गावात गेले आणि थोड्याच दिवसांत माझी खात्री पटली की गावचा मुकद्दम माझ्यावर डोळा ठेवून आहे.

मी चांद्याची. तेव्हा चंद्रपूरला चांदाच म्हणत. नवरा मास्तर, त्यांची शाळा नागभीडच्या पुढे झाडीतल्या एका गावी. गावाचं नाव सांगत नाही, कारण ज्या घरांबद्दल बोलणार आहे त्या घरांत अजून चुली पेटतात. मुकद्दम म्हणजे तुमच्याकडचा पोलीस पाटील समजा. गावात कोणी जन्मलं, मेलं, मारामारी झाली, वाघानं बैल नेला, की ठाण्याला कळवायचं काम त्याचं.

धुण्याची बादली घेऊन मी तलावावर पोचले की हा माणूस पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभाच. उंच, हडकुळा, गुडघ्यापर्यंत धोतर, बगलेत छत्री. ती छत्री त्यानं उन्हात कधी उघडली नाही आणि पावसात उघडायचा तोवर निम्मा भिजलेला असायचा. मी दगडावर धुणं आपटायला लागले की तो खोकायचा. खोकला झालेल्या माणसाचा खोकला नव्हे तो. मी इथे आहे, असं सांगणारा खोकला. मग पाठमोरा राहूनच विचारायचा, "मास्तरीणबाई, उद्या काय रांधता?"

आता मला सांगा, परक्या बाईला असं कोणी विचारतं? मी तोंडाळ खरी, पण नवीन होते. पहिल्यांदा गप्प बसले, दुसऱ्यांदा "वांगी" म्हटलं, आणि घरी येऊन नवऱ्यापाशी तोंड सोडलं.

"तुमचा मुकद्दम माणूस बरा नाही."

"कोण, आडकूजी? अगं, तो गावातल्या सगळ्याच सुनांना विचारतो."

"म्हणजे आणखीच वाईट!"

मास्तर हसले आणि पाटी पुसायला लागले. या पुरुषांना काही सांगणं म्हणजे भिंतीला सांगणं. मी सरळ मुकद्दमाच्या घरी गेले, त्याच्या बायकोला जाब विचारायला. सईबाई अंगणात धान पाखडत होती. तिनं मला बसायला पाट दिला, पाणी दिलं, माझं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "बाई, त्यायले भेव वाटते. तू नवी हायेस. तुह्यं वय तसं हाय."

"कसलं वय?"

"तलावात जायचं," ती म्हणाली आणि सूप पुन्हा हलवायला लागली.

हातातलं पाणी मी तसंच खाली ठेवलं. सतराव्या-अठराव्या वर्षी असलं वय असतं हे मला माहेरी कोणी सांगितलं नव्हतं.

मग गावात राहून राहून मला ते कळत गेलं. आमच्याकडे मरणालासुद्धा वय होतं आणि बाई-पुरुष हा भेद होता. तलावात जायच्या त्या सुना. लग्न झाल्यापासून पहिलं-दुसरं पोर मांडीवर येईपर्यंतच्या. त्याच वयाचे पुरुष नाही जायचे. त्यांना जाच झाला तर ते वडशाच्या राइस मिलवर जात, राजुऱ्याकडे कोळशाच्या खाणीत जात, दोन वर्षांनी मिशा वाढवून परत येत. बाईला पळून जायला रेल्वे नव्हती, तलाव होता. पुरुषांची पाळी यायची म्हातारपणी. बायको गेली, पोरांनी वाटे केले, डोळ्यांना दिसेना, भाताचं ताट कोणी पुढे सरकवेना, की एखादा म्हातारा रात्री काहीतरी खाऊन घ्यायचा आणि सकाळी उठायचाच नाही. म्हाताऱ्या बायका मात्र जगत. त्यांना कोणी विचारत नसे, तरी जगत.

आडकूजी तरुणपणी बांबू तोडायला गडचिरोलीच्या आतल्या जंगलात बरीच वर्षं होता. तो सांगायचा, "तिकडची तऱ्हा उलटी, बाई. पोरीले नवरा नाई पटला तं थे सरळ दुसऱ्याच्या घरात जाऊन बसते. तिकडे पोरी नाई मरत. तिकडे गडीमानसं मरतेत."  मग म्हणायचा, "म्हंजे पोरी मराच लागते असं काई नाई ना?" हा प्रश्न तो मला विचारायचा, मास्तरांना विचारायचा, एकदा तर बांगडीवाल्याला विचारला. त्या बिचाऱ्यानं बांगड्यांचा भाव सांगितला.

असा सगळा जीव टांगणीला लागलेला माणूस. जेवायला बसला तर तलावाकडे पाठ करून बसायचा नाही. दुपारी सगळं गाव बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात गेलं, की हा उंबऱ्यात येऊन उभा. मग बायकोला पिटाळायचा, "जा वं, गिरजाबाईच्या घरून चाळणी मांगून आन." चाळणी घरात असायची. पण त्या निमित्तानं सईबाई त्या घरात जाऊन सुनेचं तोंड पाहून यायची. सईबाईच्या ओसरीवर अर्ध्या गावाच्या चाळण्या आणि सुपं पडलेली. बाया चेष्टा करत, "मुकद्दमीन, दुकान टाकतेस का काय?" ती हसायची, चाळण्या परत करायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागून आणायची.

आणि तो 'उद्या काय रांधता'चा प्रश्न. त्यामागची त्याची समजूत सरळ होती. जिला उद्याची भाजी ठाऊक आहे ती आज कुठे जात नाही. उत्तर झटकन आलं की तो छत्री दुसऱ्या बगलेत घेऊन पुढे जायचा. मला हे समजल्यापासून मी त्याला दोन-दोन भाज्या सांगायला लागले.

पण याच माणसानं काय करून ठेवलं होतं तेही सांगायला हवं. पोरगी तलावात सापडली की ठाण्याला कळवायचं. खरं कळवलं तर ठाण्याची माणसं यायची, मुक्काम करायची, कोंबड्या कापायला लावायची. पोरीला बैलगाडीत घालून तालुक्याला चिरफाडीला न्यायची. सासरचे हात जोडत, ते तर जोडणारच. पण पोरीचा बापही हात जोडायचा. "झालं ते झालं, मुकद्दमभाऊ, तिची माती नोको करू." मग आडकूजी लिहायचा, 'पाणी आणण्यास गेली असता पाय घसरून तलावात पडली.' म्हाताऱ्यांसाठी दुसरं वाक्य होतं, 'पोटदुखीनं मयत.' दया म्हणूनच लिहायचा तो. सगळं गाव सही-अंगठ्याला पंच म्हणून पुढे यायचं. वाईट कोणालाच वाटत नव्हतं असं नाही. सगळ्यांनाच वाटायचं, आणि सगळेच अंगठा द्यायचे.

एका थंडीत आमराईत सरकारी साहेबाचा तंबू पडला. तरुण पोरगा होता, टोपवाला, बोलायला गोड. नव्या राज्याच्या योजना समजावून सांगायला गावोगाव हिंडत होता. पारावर सभा भरली. आडकूजी हार घेऊन उभा. साहेब म्हणाला, "मी ठाण्यातून आलेले कागद पाहिले. या भागात पाय घसरून तलावात बुडणाऱ्या बायका फार आहेत. विशेष म्हणजे सगळ्या तरुण. तरुण बायका घाईत चालतात, पाळ चिखलाची, उतार तीव्र. स्वतंत्र देशात आमच्या बहिणींनी पाण्यासाठी जीव गमवावा हे आम्हाला चालणार नाही. आपण तलावाला दगडी पायऱ्या बांधू."

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात कुठल्या घरांतून पडल्या ते मी पाहिलं.

आडकूजी हार घालायचं विसरला. म्हणाला, "साहेब, नोको."

"का नको?"

सगळं गाव त्याच्या तोंडाकडे बघत राहिलं.  शेवटी म्हणाला, "तलाव... चांगला हाय आमचा."

लोक खो खो हसले. साहेबही हसला आणि त्यानं स्वतःच हार घालून घेतला.

संध्याकाळी आडकूजी आमच्या ओसरीवर आला. बसला नाही, खांबाला धरून उभा राहिला. "मास्तर, म्या लिवलं आन त्यायनं खरं मानलं. इतके शिकलेले मानसं. मले वाटलं का सगळ्यायले मालूम असते का हे लिवाचं असते म्हून लिवते."

"मग उद्या तंबूत जाऊन सांगा खरं काय ते," मास्तर म्हणाले.

"कोनाकोनाच्या घरचं सांगू? तुमच्या शाळेत ज्यायचे पोट्टे येतेत त्यायच्याच घरचं हाय ना सगळं."

तो गेला नाही तंबूत. साहेब पुढच्या गावाला निघून गेला.

उन्हाळ्यात पाणी आटलं आणि श्रमदान सुरू झालं. आडकूजी सगळ्यांच्या आधी यायचा आणि न बोलता दगड वाहायचा. ज्या ज्या घरची पोर 'घसरली' होती त्या घरच्या बायकाही डोक्यावर घमेली घेऊन रांगेत होत्या. इतकं गुपचूप श्रमदान मी जन्मात पाहिलं नाही. एरवी चार बाया जमल्या की केवढा कालवा! पायऱ्या सुंदर झाल्या, रुंद, चौकोनी, थेट पाण्यापर्यंत. नारळ फोडला. गिरजाबाई म्हणाली, "बरं झालं बाप्पा, आता नाई घसरनार कोनाचा पाय." तिच्या जावेची सून त्याच्या दोन पावसाळे आधी गेली होती.

आता गिरजाबाईच्या स्वतःच्या सुनेबद्दल. तिचं नाव ताना. काळी, ठेंगणी, हसरी पोर. शाळेला लागूनच त्यांचं घर, त्यामुळे कुंपणावरून आमच्या गप्पा चालत. नवरा वडशाला मिलवर, महिना-महिना यायचा नाही. लग्नाला बरेच दिवस झाले तरी पोरबाळ नाही. नवरा गावात नाही तर पोर कुठून होणार, हे गिरजाबाईला कोण सांगणार? दुसरी करायची बोलणी चालू झाली. तीही तानाच्या देखत, तिलाच चहा करायला लावून. नंतर जेवायला देईनात. नंतर ती कुंपणाशी यायची बंद झाली. एकदा दिसली तेव्हा कानाच्या मागे सूज होती. मी विचारलं तर म्हणाली, "दरवाजा लागला."

धानाची रोवणी उरकली होती, तलाव भरला होता. एका दुपारी आडकूजी आमच्या दारात आला, तोंड उतरलेलं. "बाई, तानी बोलत नाई."

"काय बोलत नाही?"

"म्या इचारलं, उद्या काय रांधतेस वं. तिनं नुसतं पाह्यलं माह्याकडे."

मी काही बोलायच्या आत तो वळून थेट गिरजाबाईच्या अंगणात गेला. मी कुंपणाला चिकटून उभी राहिले, लाज कशाला वाटून घेऊ. आडकूजी म्हणाला, "गिरजाबाई, पोरीले माहेरी धाड थोडे दिवस."

"काऊन?"

"मले बरं नाई दिसून राह्यलं."

"माह्या घरात तुमी काऊन डोकावता?" गिरजाबाई तांदूळ निवडत होती, हात थांबला नाही तिचा. "आन झालंच काई वाकडं, तं तुमी हाये ना लिवाले."

तिनं ते रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती सहज बोलली, वाण्याकडे मीठ मिळतं असं सांगावं तसं. आडकूजीच्या हातातून छत्री खाली पडली. ती त्यानं उचलली नाही, तसाच बाहेर गेला. छत्री नंतर मी नेऊन दिली सईबाईला.

त्यानंतरचे दिवस आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक. सईबाई चाळणी मागायला गेली तर गिरजाबाईनं दारातूनच परत पाठवली. मी तानाला कुंपणावरून भात द्यायचा प्रयत्न केला, तिनं मान हलवली.  रात्री भांडं पडलं तरी मी दचकायचे. मास्तरांनी वडशाला तिच्या नवऱ्याला निरोप धाडला, त्यानं उलट निरोप धाडला की मिलला सुट्टी नाही.

आणि एका दुपारी ती तलावावर आली. मी खालच्या पायरीवर धुणं धूत होते. सगळं गाव शेतात निंदणीला गेलेलं, पाळीवर चिटपाखरू नाही. तिच्या हातात काही नव्हतं. ना घागर, ना धुणं. रिकाम्या हातानं बाई तलावावर येत नाही. ती पाण्याजवळच्या पायरीवर माझ्यापासून लांब बसली आणि पाण्याकडे बघत राहिली.  एरवी इतकी बोलणारी मी, तेव्हा तेच एक लुगडं पुन्हा पुन्हा पिळत राहिले.

तेवढ्यात वरून खोकला आला. देवाशपथ, त्या खोकल्यासाठी मी आजही त्या माणसाच्या पाया पडेन. आडकूजी सर्वांत वरच्या पायरीवर येऊन बसला, आमच्याकडे पाठ करून. सासरच्या गावच्या वडीलधाऱ्यासमोर सून तोंड उघडत नाही आणि बायकांच्या घाटावर पुरुष तोंड करून बसत नाही. त्यानं रीत मोडली नाही. फक्त बसला. ऊन मावळतीकडे सरकायला लागलं तरी तिघंही तसेच.

मग ताना बोलली. डोक्यावरचा पदर पुढे ओढून, पण स्पष्ट. "मामाजी, मी मेली तं काय लिवसान?"

मी कपडे सोडून दिले. माझं एक लुगडं पाण्यात गेलं ते गेलंच.

आडकूजीची पाठ हलली नाही. तो म्हणाला, "आता पायऱ्या हायेत, पोरी. आता पाय घसरला असं नाई लिवता येत."

"मंग?"

"मंग खरं लिवीन. तुह्या सासूचं नाव लिवीन, नवऱ्याचं लिवीन. तुले उपाशी ठेवलं थे लिवीन." त्यानं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "आन माह्यं लिवीन. का म्या आदीच्या पोरीयचं खोटं लिवलं, म्हून हे पोरगी मेली. पन तू मरू नोको वं माय. लिवाले लावू नोको मले."

एवढा मोठा माणूस हुंदके देऊन रडायला लागला. पाठमोराच. तानानं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्यासाठी कोणी रडतंय हे तिला खरं वाटेना बहुतेक. मग तीही रडायला लागली, मोठ्यानं, भोकाड पसरून. मी उठून तिला धरलं. अंग कसलं, नुसता हाडांचा सापळा.

"मले माह्या बापाकडे पोचवून द्या," ती म्हणाली.

त्याच पावली त्यानं गाडी जुंपली. गाडीत ताना आणि सईबाई. तो स्वतः बैलांच्या पुढे चालत गेला, ब्रह्मपुरीकडच्या तिच्या बापाच्या गावापर्यंत, उद्या कोणी म्हणू नये की परक्या सुनेसोबत गाडीत बसला होता. तिथे काय झालं ते सईबाईनं मला सांगितलं. बाप म्हणाला, दिली तिथेच मरू दे. आडकूजी म्हणाला, "मंग आत्ताच सांग, मेल्यावर तुह्यं काय लिवू." बाप खाली बसला. आतून तानाची आई आली आणि कोणाला न विचारता पोरीला हाताला धरून घरात घेऊन गेली.

तानाचा पुढे दुसरीकडे पाट लागला, म्हणजे दुसरं लग्न झालं, असं ऐकलं. चांगलं झालं तिचं.

आडकूजीचं झालं नाही. दुसऱ्याची सून पळवली म्हणून गिरजाबाईच्या घरानं तक्रार केली आणि गावानं साथ दिली. आता खरं लिहीन म्हणणारा मुकद्दम कोणाला हवा होता? मुकद्दमी गेली. नवा नेमला, तो गिरजाबाईच्या दिराचा साडू. ज्या बायका चेष्टा करत त्याही सईबाईला चाळणी देईनाशा झाल्या. आडकूजी मात्र पाळीवर जातच राहिला.

उन्हाळ्यात गिरजाबाईनं पोराचं दुसरं लग्न केलं. नवी सून अगदीच कोवळी, नाकात नवी नथ, चालताना पैंजण जमिनीला लागायचे. लग्नात सगळं गाव जेवलं. आडकूजीला बोलावणं नव्हतं.

पुढचा पावसाळा सरता सरता मास्तरांची बदली राजुऱ्याला झाली. आमची बांधाबांध चालली होती. आदल्या दिवशी मी विहिरीवर होते. गिरजाबाई आणि नवा मुकद्दम पारापाशी बोलत होते, आडकूजी तिथून चालला होता. गिरजाबाई म्हणाली, त्याला ऐकू जाईल इतपत, "पायऱ्यायवर शेवाळ लई चढलं बाप्पा यंदा. एखादीचा पाय घसरन."

"घसरन बाई," नवा मुकद्दम म्हणाला. "शेवाळाचं काई खरं नाई."

आडकूजी थांबला. मला वाटलं आता भांडेल. पण तो सरळ घराकडे गेला. 

दुसऱ्या दिवशी सकाळी सामान घालून आमची गाडी तलावाच्या पाळीवरून स्टेशनकडे निघाली. बारीक पाऊस होता. पायऱ्यांवर आडकूजी गुडघे टेकून बसला होता, एका हातात विटेचा तुकडा, दुसऱ्यात काथ्याचा बोळा, धोतर हिरवं झालेलं. वरच्या पायऱ्या खरवडून झाल्या होत्या, पांढरा दगड दिसत होता. गिरजाबाईची नवी सून घागर घेऊन त्याच्यामागे उभी होती. तो एक पायरी घासायचा, मग ती एक पायरी खाली उतरायची.

मी गाडीतून ओरडले, "मुकद्दमभाऊ, जातो आम्ही!"

त्यानं मान वर केली नाही. "हो, बाई, हो," म्हणाला, आणि मग त्या पोरीला, "थांब वं, हे होऊ दे."